आक्कासाठी बारा किलो

माझं वजन उतरलं तेव्हा लातुरातल्या आमच्या गल्लीतल्या बायकांनी मला नाही नाही ते विचारलं. थायरॉईड निघालं का, घरात काही भांडण आहे का, पोटात जंत तर नाहीत ना. एकीनं तोंडावर सांगितलं की आधीच बरी दिसत होतीस. मी सगळ्यांना एकच उत्तर दिलं, वजन उतरलं नाही, मी उतरवलंय. बारा किलो. तांदळाच्या दहा किलोच्या कट्ट्यावर आणखी दोन किलो ठेवून उचलून बघा म्हणजे कळेल. हे मी तेव्हाही छाती पुढं काढून सांगत होते आणि आजही तसंच सांगते. ज्यांना बढाई वाटते त्यांना वाटू दे.

आमची मेस आहे. शिकवणीसाठी बाहेरगावाहून आलेली पन्नासेक पोरं-पोरी आमच्याकडं दोन वेळ जेवतात. भाजी-वरणाला दोन बायका आहेत, बाजार नवरा आणतो, भाकरी मात्र मीच थापते. दुसऱ्या कुणाच्या हातची भाकरी मला पसंत पडत नाही. हा माझा स्वभाव आहे आणि त्याला इलाज नाही. या भाकरीनंच पुढं मला कसं फसवलं ते सांगते, पण आधी आक्काचं सांगायला पाहिजे.

आक्का माझी थोरली बहीण. आमचं माहेर बिलोलीकडचं. तिला नांदेडला दिली, मला लातूरला. आई लवकर गेली, म्हणून माझ्या वेण्या आक्कानंच घातल्या आणि माझ्या पाठीत धपाटेही तिनंच घातले. तिच्या दोन्ही किडन्या गेल्या. आठवड्यातून तीनदा तिला डायलिसिसच्या मशीनला लावायचे. त्याआधी तिचं वजन करायचे आणि नंतर पुन्हा करायचे. अंगात किती पाणी साठलं आणि मशीननं किती काढलं ते त्यावरून कळायचं. लघवी जवळजवळ बंदच झाली होती, त्यामुळं प्यायचं पाणी कपानं मोजून. ज्या बाईनं आयुष्यभर आल्या-गेल्याला तांब्या भरून पाणी दिलं तिला घोट मोजत बसलेली बघून मला रडू यायचं आणि रागही यायचा. कुणावर ते माहीत नाही.

तिला किडनी द्यायला मी तयार होते. दुसरं कुणी नव्हतंच. भाऊजींना साखर आणि बीपी, आमच्या भावाचा रक्तगट वेगळा, आक्काला मूलबाळ नाही. माझं सगळं जुळलं. महिन्यातून एकदा हैदराबादहून नांदेडला येणाऱ्या डॉक्टरांनी माझे कागद बघितले, मला काट्यावर उभं केलं आणि खुर्ची मागं सरकवली.

"ताई, तुमची किडनी चालेल. पण या वजनात मी ती काढणार नाही. ऑपरेशन तुम्हालाच धोक्याचं. पुढं एका किडनीवर हा सगळा भार आयुष्यभर ओढायचा. साखरही काठावर आहे. बारा किलो उतरवा, मग बोलू."

बाहेर बाकावर आक्का बसली होती. मी सांगितलं तेव्हा ती हसली. वाईट हसली नाही, पण हसली.

"राहू दे गं," ती म्हणाली. "तुला भूक निघत न्हाई, मला ठाऊक हाय. लहानपणी माझ्या ताटातली भाकरी पळवायचीस तू. कशाला जिवाला त्रास करून राहिलीस?"

तिला वाटलं ती माझी सुटका करतेय. मला मात्र कुणीतरी कानाखाली मारल्यासारखं झालं. मला राग आला की मी कामाला लागते. त्या संध्याकाळी लातूरला पोचेपर्यंत मी नवऱ्याला फोनवर दोन गोष्टी सांगितल्या होत्या, उद्यापासून मी पहाटे चालायला जाणार आणि मेसमधलं गोड माझ्यासमोर ठेवायचं नाही.

नवरा माझ्यापेक्षा हुशार निघाला. त्यानं हातात बांधायचं घड्याळ आणलं, चाललेलं मोजणारं, आणि फोनमध्ये एक अ‍ॅप घालून दिलं. त्याचा हिशोब सोपा होता. रोज किती कॅलरी खायच्या याची एक मर्यादा. जे खाल ते त्यात लिहायचं, की तेवढं वजा. आणि घड्याळ म्हणेल की एवढं चाललात, एवढ्या कॅलरी जाळल्या, तर तेवढ्या पुन्हा जमा. म्हणजे व्यायाम केला की खायला जागा झाली. मला ही व्यवस्था फार आवडली. कष्ट करा आणि खा, यात न आवडण्यासारखं काय आहे?

डाव्या हातात बांगड्या असतात, त्या घड्याळाला लागतात, म्हणून मी ते उजव्या मनगटावर बांधलं आणि अंघोळीशिवाय काढलं नाही. भाकरीला बसताना पीठ जाऊ नये म्हणून वरून प्लास्टिकची पिशवी गुंडाळायची. मेसमधल्या बायका हसायच्या. हसू देत म्हटलं. रोज रात्रीच्या भाकरी आटोपल्या की मी फोन उघडायची आणि त्यात हिरवंगार दिसायचं. आज भरपूर चाललात, आज भरपूर जाळलंत, अजून इतकं खाऊ शकता. मग मी खायची. कधी शेंगदाण्याचा लाडू, कधी अर्धी भाकरी आणि वर लोण्याचा गोळा, कधी वाटीभर शेवयाची खीर. चोरून नाही, हक्कानं. घड्याळ देतंय तर मी का सोडू? पहाटे गल्लीतून दोन-तीन फेऱ्या मारून एवढं सगळं कसं मिळतं, हा प्रश्न मला एकदाही पडला नाही. फुकटचं मिळत असलं की प्रश्न पडत नाहीत.

महिन्यानं नांदेडला काट्यावर उभी राहिले. वजन एक किलोनं वाढलं होतं.

मी डॉक्टरांना फोन दाखवला. सगळे दिवस हिरवे होते. त्यांनी बघितलं आणि फोन परत दिला.

"फोन छान आहे, ताई. पण मला तुमच्या वजनाशी मतलब."

आक्काचं तोंड त्या दिवशी सुजलेलं होतं. आदल्या दिवशी तहान सहन झाली नाही म्हणून ती जास्त पाणी प्यायली होती आणि रात्रभर तिला आडवं होता आलं नव्हतं. माझ्या चेहऱ्यावरूनच तिला कळलं असावं. "जाऊ दे, मशीन हाय की," एवढंच म्हणाली. परतीच्या गाडीत मी खिडकीकडं तोंड करून रडले. माझ्याइतकी मन लावून मेहनत करणारी बाई दुसरी नसेल आणि तरी हे, असं मला खरंच वाटत होतं. माझं काही चुकतंय हे डोक्यात आलंच नाही.

रविवारी मेस दोन्ही वेळा बंद असते. त्या रविवारी संध्याकाळी मी चिडून चालायला निघाले ते नांदेड रोडनं पार गावाबाहेर गेले आणि तशीच चालत परत आले. पाय भरून आले, चपलेनं टाच सोलली. घरी येऊन घड्याळ बघितलं तर आकडा एवढासा. रोजच्या निम्माही नाही.

"बिघडलं वाटतं," नवरा म्हणाला.

"तूर्त तू गप बस," मी म्हणाले. एरवी मी त्यांना अहो-जाहो करते, यावरून माझी अवस्था समजावी.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी परातीपुढं बसले होते. चाळीस-पन्नास भाकरी झाल्या असतील. मी पिठाचा गोळा मळून थापायला घेतला आणि मनगटावर घड्याळ थरथरलं. रोजच थरथरायचं, पण कामाच्या घाईत मी कधी बघितलं नव्हतं. पिशवीच्या आतून रंगीबेरंगी दिवे लागले. आजचं चालण्याचं लक्ष्य पूर्ण झाल्याबद्दल माझं अभिनंदन करत होतं ते. आणि मी पाटावर मांडी घालून बसले होते.

मी थापणं थांबवलं, आकडा थांबला. मी थापायला लागले, आकडा पळायला लागला. पीठ बाजूला सारून मी हवेत नुसता हात मारून बघितला, तरी पळतोच आहे. तेवढ्यात नवरा भाजीची पिशवी घेऊन आत आला आणि दारातच उभा राहिला.

"काय करून राहिलीस?"

"चालून राहिलेय," मी म्हणाले.

मग आम्ही दोघं हसलो. मी तर डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले. प्रत्येक थाप म्हणजे एक पाऊल असं त्या घड्याळाला वाटत होतं. पन्नास पोरांच्या भाकरी थापत मी रोज बसल्या जागी उदगीर गाठत होते आणि त्या न केलेल्या प्रवासाचं जेवण रोज रात्री मन लावून जेवत होते. घड्याळ बनवणाऱ्याच्या घरी ज्वारीची भाकरी होत नसणार, त्याला मी काय दोष देऊ? हसणं थांबलं तेव्हा मला आक्काचं सुजलेलं तोंड आठवलं, आणि एक महिना मी तिचा खाल्ला होता हे लख्ख कळलं.

त्यानंतर मी जे केलं तोही वेडेपणाच होता. मी घड्याळावर रुसले, फोनवर रुसले आणि जेवणावरही रुसले. कितीही चाललं तरी एक घास जास्त खायचा नाही, उलट मर्यादेच्याही खालीच राहायचं असं ठरवलं. सकाळी एक तास, संध्याकाळी एक तास चालणं, आणि दिवसभरात अर्धी भाकरी नि ताक. वजन पटापट उतरलं. मी खूश. आक्काला रोज फोन करून आकडा सांगायची. ती म्हणायची, "माझं दोन किलो मशीननं काढलं, तुझं कुणी काढलं?" मी म्हणायची, "मी."

एका दुपारी वरणाचं पातेलं उतरवताना डोळ्यांपुढं अंधारी आली. मी खाली बसले ते पातेल्यासकट. भाजलं नाही हे नशीब, पण वरण सगळं फरशीवर. त्या दिवशी पोरांनी चटणी-भाकरीवर भागवलं आणि बिचाऱ्यांनी तक्रारही केली नाही.

पुढच्या खेपेला नांदेडला काट्यानं चार किलो कमी दाखवले. मी डॉक्टरांकडं बघून मान ताठ केली. ते मात्र माझ्या रक्ताचा कागद बघत होते.

"हिमोग्लोबिन घसरलंय. असं उपाशी राहून उतरवलेलं वजन मला नको. अशक्त माणसाच्या पोटाला मी सुरी लावत नाही," ते म्हणाले. मग माझा पडलेला चेहरा बघून जरा मऊ झाले. "चाललात त्या दिवशी थोडं जास्त खायचंच. पण घड्याळ जे म्हणेल त्याच्या निम्मं धरा. आणि ते चाललेलं असलं पाहिजे." घड्याळाची गोष्ट मी त्यांना सांगितली होती. हे बोलताना ते हसू दाबत होते ते मला दिसलं.

निम्मं. एवढी साधी गोष्ट होती. मी घरी येऊन ती मनावर घेतली. भाकरीला बसताना घड्याळ खिळ्याला टांगायचं, चालायला निघताना बांधायचं. आलं की त्याच्या आकड्याच्या निम्मं जमेला धरायचं आणि त्या निम्म्यात लाडू-खीर नाही, वाटीभर मटकीची उसळ किंवा दही. ज्या दिवशी चालणं झालं नाही त्या दिवशी ते वाटीभरही नाही. मग मला आणखी चोऱ्या सापडायला लागल्या. अ‍ॅपमधली एक भाकरी आणि माझी एक भाकरी किराण्याच्या काट्यावर तोलून बघितली तर माझी एक म्हणजे त्यांच्या दोनांहून जास्त. आमच्याकडची भाकरी ताट झाकते, मी काय करू? आणि तेल. आमच्याकडं काळ्या तिखटावर, येसराच्या आमटीवर, भाजीवर कच्चं करडईचं तेल ओततात, चमच्यानं नाही, किटलीनं. ते मी इतके दिवस लिहीतच नव्हते. तेलाला मी खाणं समजतच नव्हते. किटलीच्या जागी चहाचा चमचा आला तेव्हा दोन दिवस जेवणाला चव लागली नाही. तिसऱ्या दिवशी लागली.

वजन आता हळू उतरायचं, पण उतरलेलं परत चढायचं नाही. अंगात ताकद होती. पहाटे चालताना मी आता माझ्याहून लहान बायकांना मागं टाकायची आणि मुद्दाम मागं वळून बघायची.

मग येळवस, म्हणजे वेळ अमावास्या, आली. आमच्याकडं त्या दिवशी गाव ओस पडतं, सगळे शेतात जेवायला. ज्याला शेत नाही त्याला दहा जणांचं आमंत्रण. चाकूरजवळ नवऱ्याच्या मित्राच्या शेतावर आम्ही गेलो. सगळ्या भाज्या नि ओले दाणे एकत्र शिजवलेली घट्ट भज्जी, बाजरीचे उंडे, आंबील, गव्हाची खीर, आणि वाढणारी बाई अशी की ताट रिकामं दिसलं की तिचा अपमान. मला फार भूक लागली होती. बांधावरून, ज्वारीच्या कडेनं मी तासभर हिंडले होते, खरंखुरं. मी भज्जी खाल्ली, दोन उंडे खाल्ले, आंबील दोनदा घेतली. खिरीचा डाव ताटावर आला तेव्हा मी दोन्ही हात ताटावर धरले.

"येळवशीला न्हाई म्हणत्यात का बाई?" ती रागावली. "माझी खीर वाईट हाय का?"

एरवी मी उपवास आहे म्हणाले असते, डॉक्टरनं नको म्हटलंय म्हणाले असते. त्या दिवशी मी खरं सांगितलं. माझ्या थोरल्या बहिणीला माझी किडनी द्यायची आहे आणि अजून तीन किलो उतरायचे आहेत. डाव तिच्या हातात तसाच राहिला. मग तिनं तो पातेल्यात परत सोडला, माझ्या ताटात आणखी थोडी भज्जी वाढली आणि म्हणाली, "ही तरी खा, ही हलकी असते." ती हलकी मुळीच नसते. पण मी खाल्ली, निम्म्यात बसत होती.

ते तीन किलो उतरायला थंडी सरली. आक्का त्या दिवसांत थकत चालली होती. फोनवर आता ती थट्टा करायची नाही, आकडा ऐकून होकारापुरतं नुसतं "हाव" म्हणायची. मला रात्री झोपेत तिचा आवाज ऐकू यायचा. एकदा तिनं विचारलं, "तू हे माझ्यासाठी करून राहिलीस, की मी तुला हसले म्हणून?" मी म्हणाले, "दोन्हीसाठी." ते खरंच होतं.

शेवटच्या खेपेला नांदेडच्या त्या खोलीत आक्का चाकाच्या खुर्चीत माझ्यासोबत आत आली. म्हणाली, मला काटा बघायचाय. मी चपला काढल्या.

"बांगड्या काढ," ती हळूच म्हणाली. "तेवढंच कमी भरंल."

"बांगड्यांसकट भरू दे," मी म्हणाले आणि काट्यावर चढले.

आकडा हलला आणि थांबला. बारा किलो कमी, वर आणखी दोनशे ग्रॅम. डॉक्टरांनी मला उतरवून पुन्हा चढायला लावलं. पुन्हा तेच. साखर खाली आली होती, हिमोग्लोबिन वर गेलं होतं. त्यांनी कागदावर सही केली आणि म्हणाले, "आता माझ्याकडं काही कारण उरलं नाही." मी त्या खोलीत, एवढ्या मोठ्या डॉक्टरांसमोर, दोन्ही हात वर करून ओरडले. आक्कानं माझ्या दंडाला चिमटा काढला. जोरात काढला, काळंनिळं झालं. ती रडत होती.

मग कागदपत्रं, मंजुऱ्या, हैदराबाद. भूल द्यायच्या आधी मला एकच आठवतंय, टेबलावरचे दिवे फार पांढरे होते आणि मला अजिबात भीती वाटत नव्हती.

जाग आली तेव्हा कुशीत आग लागली होती आणि तोंड कोरडं पडलं होतं. नवरा पलंगाशी उभा होता. गप्प माणूस तो, लग्नात सुद्धा मोठ्यानं बोलला नसेल. त्याचा चेहरा लाल झाला होता.

"झाली," तो म्हणाला. "टेबलावरच झाली. डॉक्टर बाहेर येऊन सांगून गेले."

"काय झाली?"

"लघवी!" तो एवढ्या मोठ्यानं ओरडला की सिस्टर आत धावत आली. "आक्काला लघवी झाली! थांबतच न्हाई!"

बाहेर भाऊजी भिंतीला टेकून रडत होते, असं तो म्हणाला. भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला ते तेच सांगत होते आणि ओळख ना पाळख अशी माणसं त्यांचे हात धरून अभिनंदन करत होती. मला हसायचं होतं, पण टाके ओढत होते. मी डोळे मिटून पडले आणि नुसती रडत राहिले. आनंदाचं रडणं कसं असतं ते मला तेव्हा कळलं.

दुसऱ्या दिवशी आक्काला फोन धरता आला. ती काचेच्या खोलीत होती, मी दोन मजले खाली.

"अगं," तिचा आवाज बारीक होता, पण त्यात जुनी आक्का होती. "पिशवी भरली. सिस्टरनं रिकामी केली, पुन्हा भरून राहिलीय."

"भरू दे," मी म्हणाले.